एक किटली मागं

माझ्या कामाबद्दल लिहायचं म्हणून मी तीनदा टेबलाशी बसलो आणि तिन्ही वेळा पाचव्या-सहाव्या ओळीला उठून अंगणात फेऱ्या मारून आलो. कुठूनही सुरुवात केली तरी न्हावऱ्याची ती वायर आडवी येते. तिला वळसा घालून बाकीचं लिहिता येईल असं वाटलं होतं. येत नाही. म्हणून दुकान, गिऱ्हाइकं, बदलत गेलेली मशिनं हे सगळं थोडक्यात आटोपतो आणि तिच्याकडं वळतो.

आमच्या घरात आजोबांपर्यंत मेंढरं होती. वडिलांनी विहीर पाडली, कांदा लावला आणि आम्ही एका जागी राहायला लागलो. घराण्यातला पहिला पदवीधर मी. शिरूरच्या कॉलेजात तेव्हा चार कम्प्युटर आणि तीस मुलं. आमचे एक सर रविवारी मला लॅबची किल्ली देत. बाकीच्या मुलांच्या घरी निदान कुणीतरी शिकलेलं होतं. माझ्या घरी 'लॅब' म्हणजे काय हे सांगायलाही मलाच अर्धा तास लागायचा. त्या सरांचे उपकार मी विसरू शकत नाही. पुढं बाजारपेठेत दहा बाय बाराचं दुकान टाकलं, तेव्हा पाटीवर नावापुढं 'बी.एस्सी.' रंगवून घेतलं. आईनं त्या अक्षरांना हळदकुंकू लावलं.

आता धंदा काय होता ते सांगतो.

जुन्या कम्प्युटरच्या पाठीमागं नाना आकारांची भोकं असायची. माउसचं गोल, प्रिंटरचं लांबट, वजनकाट्यासारख्या यंत्रांचं नऊ पिनांचं. मग यूएसबी आलं. चपटं, सगळ्यांना एकच. लोकांना वाटलं, कटकट मिटली, आता खुपसलं की चालू. पण भोक एक झालं म्हणून भाषा एक होत नाही. यूएसबीची कुठलीही वस्तू जोडली, की ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे कम्प्युटरचा सगळा कारभार बघणारा मूळ प्रोग्रॅम, तिला आधी विचारते, तू कोण? वस्तू दोन आकडे सांगते. एक तिला बनवणाऱ्याचा, दुसरा तिच्या मॉडेलचा. सिस्टीम आपल्याकडच्या याद्या चाळते आणि त्या आकड्यांचा ड्रायव्हर शोधते. ड्रायव्हर हा दुभाष्या. सिस्टीमचं म्हणणं तो त्या वस्तूच्या बोलीत सांगतो आणि वस्तूचं म्हणणं सिस्टीमला समजावतो. माउस, कीबोर्ड यांचे दुभाषे सिस्टीमच्या घरातच असतात. बाकीच्यांचा सीडीवरून आणावा लागतो, आणि सीडी हरवलेली असते. माझं दुकान त्या हरवलेल्या सीड्यांवर चाललं. (ड्रायव्हर म्हटलं की आमच्याकडं लोकांना ट्रकवाला आठवतो. तो विनोद मी इतक्यांदा ऐकलाय, की इथं करत नाही.)

गिऱ्हाइकं एकेक तऱ्हेची. आमच्याच पेठेतल्या एका झेरॉक्सवाल्यानं प्रिंटरची यूएसबी वायर नेटवर्कच्या भोकात घातली होती. ती तिथं बसते, हीच पंचाईत. तीन दिवस त्यानं मला फोनवर शिव्या घातल्या, "तुमच्या ड्रायव्हरात दम न्हाई." मी जाऊन वायर एक बोट डावीकडं सरकवली. तो म्हणाला, "एवढ्यासाठी तुमी शिकला व्हय?" मी म्हणालो, "हो."

असा माझा तोरा होता. मला सुटत नाही असं काही नाही, ही समजूत तेव्हा पक्की झाली होती.

न्हावऱ्याच्या एका दूध डेअरीनं नवा कम्प्युटर घेतला, तेव्हा त्यांनी मला बोलावलं. गाईचं दूध. सकाळ-संध्याकाळ लोक किटल्या घेऊन येतात, वजन होतं, एक चमचाभर दूध फॅट मशीनला लावतात आणि मशीन फॅटचा आकडा कम्प्युटरला कळवतं. कम्प्युटर चिठ्ठी काढतो. चिठ्ठीवरच्या आकड्यावर दुधाचा दर. फॅट मशीनची वायर नऊ पिनांची, आणि नव्या कम्प्युटरला तसं भोकच नव्हतं. मधे जोडायला यूएसबीचा कन्व्हर्टर आणला होता, अंगठ्याएवढा. त्याच्या सीडीला चीर गेलेली.

तेव्हा मी एक करामत केली. माझ्याकडं त्याच जातीच्या, पण आधीच्या पिढीच्या कन्व्हर्टरचा ड्रायव्हर होता. सिस्टीम तो घेईना, कारण आकडे जुळत नव्हते. ड्रायव्हरसोबत एक साधी मजकुराची फाईल असते, त्यात हा कुठल्या आकड्यांसाठी आहे ते लिहिलेलं असतं. मी ती उघडली आणि नव्या कन्व्हर्टरचे आकडे माझ्या हातानं त्यात घातले. सिस्टीमनं इशारा दिला की हा ड्रायव्हर तपासलेला नाही, तरीही पुढं जायचं का? मी 'पुढं जा' दाबलं. पहिल्या सॅम्पलला काही आलं नाही, दुसऱ्यांदा लावल्यावर आकडा पडद्यावर उमटला. टाळी वाजवायचीच काय ती बाकी होती.

तिथं फॅट काढायला आप्पा होते. साठीच्या आसपासचे, पांढरा सदरा, नखं कायम स्वच्छ. मशीन यायच्या आधी काचेच्या नळ्यांत ॲसिड घालून फॅट काढायचे; बोटांवर त्याचे डाग होते. त्यांनी माझी करामत हात मागं बांधून बघितली आणि म्हणाले, "सोपानराव, आकडा आला, पर खरा आलाय का ते कसं वळखायचं?"

"आप्पा, मशीनकडून आलाय म्हटल्यावर खराच."

आठवडाभरानं त्यांचा फोन. "पयल्या सॅम्पलला कम्प्युटर काय दावतच न्हाई. दोनदा लावावं लागतंय. मग चालतंय."

"मशीन थंड असतं सकाळी. होतं तसं."

पुन्हा फोन. "मशीनच्या डब्यावर एक आकडा दिसतोय आन् चिठ्ठीवर दुसराच. लोक डबा वाचत्यात आन् माझ्या अंगावर येत्यात."

हे मला तेव्हाच खटकायला पाहिजे होतं. पण दुकानात दोन मशिनं उघडी पडलेली, तिसरा माणूस काउंटरवर बोटं वाजवतोय. मी म्हणालो, "डब्यावरचा आकडा स्थिर नसतो. कम्प्युटर सरासरी काढतो. तोच धरा." सरासरी वगैरे काही नव्हतं. मी ते तिथल्या तिथं रचलं. पुढच्या फेरीला न्हावऱ्याला गेलो, तेव्हा आप्पांचा त्रास कमी व्हावा म्हणून मशीनच्या डब्यावरच्या छोट्या पडद्यावर मी काळी चिकटपट्टी लावली. पट्टीचा सुटलेला कोपरा आप्पांनी अंगठ्यानं दाबला. सांगितलेलं काम नीट करायची सवय.

चार आठवडे झाले आणि डेअरीच्या चेअरमनचा फोन आला. आवाज खाली.

"सोपानराव, कम्प्युटरात हातानं आकडा बदलता येतो का?"

"नाही. मशीनकडून येतो तोच छापतो. का?"

"हिराबाईची गाय कायम चार-चार फॅटची, म्हंजी चार पॉइंट चार. आता तिला तीन-दोन लागतंय, रोज. आन् आप्पांचा पुतण्या, नंदू, त्येच्या गाया म्हंजी नुसत्या सांगाड्याच्या, त्येला चार-चार. गाव म्हनतंय हिराबाईचं फॅट काढून पुतण्याला लावलं."

"आप्पा तसे नाहीत."

"मला बी वाटत न्हाई. पर तुमीच म्हनताय कम्प्युटर बदलत न्हाई. मग बदलतंय कोण? हाताखालून सॅम्पलच बदलत असतील. सोमवारी संध्याकाळी कमिटी बसतीय, डेअरीवरच. काढायचं म्हनत्यात त्यान्ला."

मी फोन ठेवला आणि मला बरं वाटलं, की दोष माझ्या कामाचा नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण तसं वाटलं होतं.

सोमवारी मी दौंडला होतो. युसूफभाईंचं भंगाराचं गोडाऊन आहे तिथं, गाड्या चढवायचा मोठा काटा. त्यांच्याही कम्प्युटरला तोच कन्व्हर्टर, आणि माझ्या पिशवीत तोच माझा सुधारलेला ड्रायव्हर. जोडला, दुसऱ्या खेपेला आकडा आला. मी चहाचा कप उचलला. काट्यावरून भरलेला ट्रक उतरला आणि रिकामा टेम्पो चढला.

युसूफभाई पडद्याकडं बघत राहिले. "सोपानभाऊ, ह्या टेम्पोत काय डोंगर भरलाय का?"

पडद्यावर ट्रकचं वजन होतं.

"पुन्हा घ्या," मी म्हणालो.

पुन्हा घेतलं, टेम्पोचं आलं. मग एक हातगाडी चढली. पडद्यावर टेम्पो.

"हा तुमचा कम्प्युटर एक गाडी मागं चालतोय," युसूफभाई हसत म्हणाले. "आत्ताचं इचारलं तर मागच्याचं सांगतोय. आमचे मोठे अब्बा असंच करायचे शेवटी शेवटी."

मला हसू आलं नाही. कप हातातच राहिला. एक मागं. पहिल्या वेळी काहीच नाही, दोनदा लावावं लागतं.

काय होत होतं ते सांगतो. रसवंतीच्या चरकात उसाचं शेवटचं कांडकं अडकून राहतं, मागून दुसरं घातल्याशिवाय पुढं सरकत नाही. नव्या कन्व्हर्टरची रीत तशी होती. आलेला आकडा तो स्वतःजवळ धरून ठेवायचा आणि 'दे' म्हटल्यावर सोडायचा. नव्या ड्रायव्हरला ते 'दे' म्हणणं ठाऊक होतं. माझ्या जुन्या ड्रायव्हरला नव्हतं. त्यामुळं पुढचा आकडा मागून ढकलेपर्यंत आधीचा अडकून राहायचा. दुभाष्या खोटं बोलत नव्हता. एक वाक्य उशिरा बोलत होता.

आणि न्हावऱ्याला किटल्यांची रांग ठरलेली असते. माणूस नंतर आला तरी चालतं, किटली नंबर धरते. वस्तीवरून येणारे रोज त्याच क्रमानं येतात, त्याच क्रमानं किटल्या ठेवतात. हिराबाईच्या पुढं कुणीतरी तीन-दोनवाला असणार. आणि हिराबाईच्या मागं, शेजारच्याच वस्तीवरचा, रोज न चुकता, नंदू.

गावातली प्रत्येक किटली पुढच्याचं फॅट घेऊन घरी जात होती.

युसूफभाईंना म्हणालो, एक तास द्या. दौंडच्या सायबर कॅफेत जाऊन कन्व्हर्टर बनवणाऱ्याच्या साइटवरून मूळ ड्रायव्हर उतरवला, दोन फ्लॉप्यांवर घेतला, कारण फ्लॉपीचा भरवसा नसायचा. युसूफभाईंचा काटा नीट केला. हातगाडीचं वजन हातगाडीला लागलं. तिथूनच न्हावऱ्याच्या डेअरीला फोन केला. चेअरमन म्हणाले, "आता कमिटी बसायचीच हाय. काय सांगायचं ते हितं येऊन सांगा." आणि मागं कुणाचा तरी चढा आवाज होता, बाईचा.

दौंड ते चौफुला एक एसटी, चौफुला ते न्हावरं दुसरी. पहिल्या गाडीत बसायला जागा होती, मी उभा राहिलो. कंडक्टर म्हणाला, "पाहुणं, सीट चावती का?" माझ्या डोक्यात दोन माणसं भांडत होती. एक म्हणत होता, जा, गुपचूप ड्रायव्हर बदल, 'वायर सैल होती' म्हण, विषय संपला. आप्पाही सुटतील, पाटीवरची अक्षरंही राहतील. दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर फक्त ती चिकटपट्टी होती. चौफुल्याला गाडी अर्धा तास आली नाही. स्टँडवर मी इतक्या फेऱ्या मारल्या, की शेंगावाल्यानं विचारलं काही हरवलं का.

न्हावऱ्याला पोचलो तर रांग लागलेली, पण दूध घेणं थांबवलेलं. कमिटीचे पाच जण सतरंजीवर. आप्पा मशीनशेजारी उभे. त्यांना कुणी बसा म्हटलं नव्हतं, आणि ते आपणहून बसले नव्हते. हिराबाई किटलीवर हात ठेवून बोलत होती. पन्नाशीची, आवाज विहिरीवरून विहिरीवर जाईल असा.

"माझ्या गाईला मी पोटाला चिमटा काढून पेंड घालायची आन् फॅट ह्यांच्या नंद्यानं न्यायचं! आप्पा, तुमी माझ्या लग्नात वाढलंय. तुमास्नी कसं गोड लागलं?"

आप्पा म्हणाले, "हिरा, मी मशीनला लावलं तेच आलं." एवढंच. दुसऱ्यांदा नाही.

"मशीन! बी.एस्सी. लावून गेल्यात मशीन, त्ये खोटं बोलंल व्हय?"

हे ऐकत मी दारात उभा होतो. चपला काढून आत गेलो.

चेअरमन म्हणाले, "आलं साहेब. सांगा आता तुमीच, आकडा बदलतो का?"

मी म्हणालो, "मला एक किटली पाणी द्या."

त्यांना वाटलं प्यायला. मी म्हणालो, "प्यायला नाही, रांगेत ठेवायला. हिराबाईंच्या मागं आणि नंदूच्या पुढं."

लोक हसले. एकानं खरंच हापशावरून किटली भरून आणली. आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "आप्पा, रोजच्यासारखं लावा. पहिल्या नंबरपासून."

पहिल्याचं दोनदा लावावं लागलं. मग एकेक पुढं. हिराबाईचं दूध लावलं, चिठ्ठीवर तीन-दोन. "बघा, बघा!" ती म्हणाली. मग आप्पांनी पाणी लावलं. चिठ्ठी आली. चेअरमननं वाचली आणि चष्मा काढून पुन्हा वाचली.

"चार-चार."

"कशाला?"

"पाण्याला."

हशा पिकला. मागून कुणीतरी ओरडलं, "हापशाला गाभण ठेवा रं!" पण हिराबाई हसली नाही. तिनं एकदा पाण्याच्या किटलीकडं बघितलं, एकदा स्वतःच्या.

मग नंदूचं लावलं. शून्य.

"शून्य?" नंदू म्हणाला. "माझ्या गाया काय पाणी देत्यात का?"

"आज देत्यात," कुणीतरी म्हणालं. पण आता हसणं विरळ झालं होतं. हिराबाई हळू आवाजात म्हणाली, "म्हंजी त्ये चार-चार माझं. पाण्याला लागलं त्ये माझंच. आन् नंद्याला पाण्याचं."

मी मशीनजवळ गेलो आणि डब्यावरची चिकटपट्टी ओढून काढली. खालचा पडदा नंदूच्या दुधाचा खरा आकडा दाखवत होता. मी सगळ्यांना वाकून बघायला लावलं. मग सांगितलं. शब्दाशब्दानं आठवत नाही, पण काही लपवलं नाही. ड्रायव्हर चुकीचा होता, तो मी घुसवला. सिस्टीमनं विचारलं होतं, मी ऐकलं नाही. आप्पांनी दोनदा फोन केला, मी ऐकलं नाही. खरा आकडा दिसत होता, त्याच्यावर पट्टी मी लावली. आप्पांच्या हातात काही नव्हतं.

कमिटीतला एक जण म्हणाला, "मग तुमच्या कॉलेजात काय शिकवलं?" मी खिशातून फ्लॉपी काढली.

हिराबाई आप्पांसमोर गेली. "आप्पा, मी तोंडाला यील ते बोलले."

"बोललीस," आप्पा म्हणाले. "आता किटली उचल. मागं रांग हाय."

चेअरमननं खुर्ची पुढं केली. आप्पा बसले. मी फ्लॉपी घातली, ड्रायव्हर बदलला, आणि या वेळी आप्पांनी प्रत्येक चिठ्ठी डब्याशी ताडून मगच हातात दिली. तीस-पस्तीस किटल्या झाल्या. कुणी घाई केली नाही.

सगळे गेल्यावर मी माफी मागायला त्यांच्याजवळ गेलो. तोंड उघडायच्या आधीच त्यांनी विचारलं, "ही वायर आनखी कुठं बसवलीय तुमी?"

"का?" मी विचारलं.

"न्हाई, हितं मी व्हतो. म्हातारा मानूस, गावानं निदान बोलवून इचारलं. दुसरीकडं कोण असंल?"

वरवंड. वरवंडच्या एका डेअरीला मी न्हावऱ्याच्याही दोन आठवडे आधी तोच ड्रायव्हर घातला होता. त्यांच्याकडून कधी फोन आला नव्हता, म्हणून ते काम मी माझ्या मनात चांगल्या कामांत धरलं होतं. त्याच दुपारी माझी एसटी वरवंडला थांबून पुढं आली होती. मला आठवलंसुद्धा नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरवंडला गेलो. मशीनवर एक नवीन माणूस होता. आधीचा संपत म्हणून तिशीतला होता, कमी बोलणारा. मी विचारलं तो कुठाय.

"काढला त्येला," सेक्रेटरी म्हणाले. "फॅटात गडबड करीत व्हता. नवीन मानूस ठेवला, तरी बी बोंब हायच, पर आता लोक दमली."

मी तिथंही पाणी लावून दाखवलं, मग ड्रायव्हर बदलला. इथं कुणी हसलं नाही. सेक्रेटरी म्हणाले, "आता झालं त्ये झालं. नवीन मानूस बी गरीबच हाय, त्येला कसं काढायचं?" ते खोटं नव्हतं. मी सगळं कागदावर लिहून सही करून दिलं. त्यांनी घडी घालून खिशात ठेवलं. संपत बायकोला घेऊन शिक्रापूरला गेलाय, एवढं कळलं. कुठल्या कंपनीत, माहीत नाही.

शिक्रापूरला त्या दिवसांत रोज नवी खोली बांधली जात होती आणि रोज नवा माणूस राहायला येत होता. कुणी कुणाला ओळखत नव्हतं. मी दुकान दुपारी बंद करायचो आणि शिफ्ट सुटायच्या वेळी कुठल्या ना कुठल्या गेटवर उभा राहायचो. वॉचमन हटकायचे. ट्रक अंगावरून जायचे. गिऱ्हाइकांचे फोन वाजायचे, मी घेत नव्हतो. घरी सांगायचो वसुलीला जातो. शोधायचं थांबवावं असं रोज वाटायचं आणि रोज तीन वाजले, की पाय शटरकडं जायचे. एवढ्या हजारो माणसांत एक माणूस काय सापडणार, हे मला कळत होतं. नाही सापडला तर बरं, असंही एका कोपऱ्यात वाटत होतं, तेही कळत होतं.

दोन आठवड्यांनी एका गेटातून तो बाहेर पडला. जेवणाचा डबा हातात, निळा गणवेश. मी त्याला ओळखलं, त्यानं मला ओळखलं नाही. मी कम्प्युटरवाला म्हटल्यावर दोन पावलं मागं सरकला.

"आता काय झालं?" त्यानं विचारलं.

रस्त्याच्या कडेला उभं राहून मी सांगितलं. ट्रकच्या आवाजात काही वाक्यं दोनदा सांगावी लागली. झाल्यावर तो म्हणाला, "म्हंजी माझा हात चुकत नव्हता?"

"नाही."

"एकदा पण?"

"तुमचं सगळं बरोबर होतं. पहिल्या दिवसापासून."

तो डब्याच्या कडीशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "हितं मला क्वालिटीत घेत व्हते. गेज लावून पार्ट मोजायचा. पगार बरा, बसून काम. मी न्हाई म्हनालो. म्हटलं पॅकिंगला टाका. मला मोजायचं काम नको, माझ्या हातानं मोजलेलं चुकतंय." तो थांबला. "मी खरंच तसं धरून चाललो व्हतो, साहेब. लोक म्हनले म्हनून न्हाई. मी रोज बघायचो ना, मशीनच्या डब्यावर येगळं, चिठ्ठीवर येगळं. म्हटलं मीच कुठंतरी चुकतोय."

मी म्हणालो, मी तुमच्या कंपनीत येऊन सांगतो, वरवंडला पुन्हा सांगतो, लागेल तिथं लिहून देतो.

"त्ये बघू नंतर," तो म्हणाला. त्यानं रस्त्यापलीकडच्या खोल्यांच्या रांगेकडं बघितलं. "आधी घरी चला. बायकोला सांगा. मी सांगितलं तर तिला वाटंल, मीच माझी समजूत घालतोय."

आम्ही ट्रक थांबायची वाट बघत कडेला उभे राहिलो. मग त्यानं माझा दंड धरला आणि आम्ही रस्ता ओलांडला.